एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ आणि त्यांचे कातालान भाषांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणासाठी आहेत?

ज्यांना थोडीफार कातालान येते आणि जे इंग्रजीतून तिच्यात काही नेऊ पाहतात, त्यांच्यासाठी. बार्सिलोनात शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी यात आली. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणारे आणि दुसऱ्या छोट्या भाषांनी हेच प्रश्न कसे सोडवले याची उत्सुकता असणारेही आले. बरीच उदाहरणे संगणकाच्या पडद्यावरची आहेत, कारण अनेकार्थी शब्द तिथे सर्वात जास्त छळतो. वाक्यात शब्दाला शेजारी असतात, बटणावर तो एकटाच उभा असतो.

कातालान शब्द देवनागरीत कसे लिहिले आहेत?

स्पेलिंगच्या जवळ राहून, थोडे उच्चाराकडे झुकवून. बार्सिलोनात क्रियापदाच्या शेवटचा 'र' बोलताना गळतो, पण तो लिहिला जातो म्हणून इथेही ठेवला आहे. आघात नसलेले 'आ' आणि 'ए' तिथे आपल्या 'अ'सारखे ऐकू येतात. मराठी माणसाला हा स्वर फुकटात मिळतो, तरी ओळख पटावी म्हणून इथे 'आ' आणि 'ए'च लिहिले आहेत.

कातालान म्हणजे स्पॅनिशचीच एक बोली ना?

नाही. मराठीला कोणी हिंदीची बोली म्हटले की आपल्याला जे वाटते तेच तिथल्या माणसाला वाटते. ही लॅटिनपासून आलेली स्वतंत्र भाषा आहे. स्पेनमधल्या कातालोनियात आणि बालेआरिक बेटांवर ती बोलतात, वालेन्सियात तिला वालेन्सियन म्हणतात, आंदोरात ती एकमेव अधिकृत भाषा आहे. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला आणि सार्डिनियातल्या आल्गेरो शहरातही ती आहे. आधुनिक कातालानला नियम घालून देणारे भाषातज्ज्ञ पोम्पेउ फाब्रा यांचा कोश १९३२ साली आला. पुढे १९३९ ते १९७५ या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत शाळा आणि सरकारी कारभारातून तिला हद्दपार केले गेले. संगणकावरची कातालान स्पॅनिशची सावली होऊ नये यासाठी तिथले लोक इतके जागरूक का असतात, हे त्यावरून कळेल.

इंग्रजी-कातालान कोशात सगळे अर्थ दिलेलेच असतात. मग अडचण कसली?

कोश पर्याय देतो, निवड करत नाही. 'की' हा शब्द घ्या. कुलपाची ती 'क्लाउ'. कीबोर्डवरची किंवा पियानोवरची ती 'तेक्ला'. सांकेतिक लेखनातली, म्हणजे सार्वजनिक की आणि खाजगी की, पुन्हा 'क्लाउ'. नकाशाच्या कोपऱ्यात चिन्हांचा अर्थ सांगणारी चौकट म्हणजे 'ल्येजेंदा'. संगीतातली 'तोनालितात'. आणि 'महत्त्वाचा' या अर्थाने विशेषण म्हणून आली तर परत 'क्लाउ', तीही अनेकवचनात न बदलता: 'पाराउलेस क्लाउ', म्हणजे कळीचे शब्द.

आता पडद्यावर नुसते 'एंटर की' असे दोन शब्द आले आहेत. कीबोर्डवरचे एंटर दाबायचे आहे की परवाना-की टाइप करायची आहे? पहिल्यात 'तेक्ला', दुसऱ्यात 'क्लाउ', आणि पहिल्यात 'एंटर' हे बटणाचे नाव, दुसऱ्यात क्रियापद. जगातला कोणताही कोश हे सांगू शकत नाही. तो पडदा उघडून पाहावा लागतो, किंवा ज्याने प्रोग्राम लिहिला त्याला विचारावे लागते.

स्पॅनिश भाषांतर समोर ठेवून काम केले तर सोपे जात नाही का?

सोपे जाते, आणि तिथेच घात होतो. इंग्रजी शब्दाचे अर्थ स्पॅनिश जिथे तोडते तिथेच कातालान तोडेल असे नाही. पाण्यातल्या जिवंत माशाला स्पॅनिशमध्ये एक शब्द आणि ताटातल्या माशाला दुसरा. कातालानमध्ये दोन्हीला 'पेश'. स्पॅनिशमधून येणारा माणूस इथे नसलेला भेद शोधत बसतो.

उलट प्रकारही आहे. माणसाचा पाय 'कामा', जनावराचा किंवा टेबलाचा पाय 'पोता'. पण स्पॅनिशमध्ये 'कामा' म्हणजे पलंग. डोक्यात स्पॅनिश घेऊन घाईघाईने तपासणाऱ्याला 'कामा'वर चूक दिसते, जी तिथे नसतेच.

मेनूतल्या आज्ञांचेही तसेच. स्पॅनिश सॉफ्टवेअरमध्ये 'उघडणे', 'छापणे' अशी क्रियापदाची मूळ रूपे असतात. कातालानमध्ये आज्ञार्थ असतो: 'ओब्रे', 'इम्प्रिमेश'. स्पॅनिशवरून उचललेली फाइल पहिल्या मेनूतच ओळखू येते.

'सेव्ह'साठी 'देझार'च का? 'ग्वार्दार' सगळ्यांना समजते की.

समजते, आणि 'ग्वार्दार' हा अस्सल कातालान शब्दही आहे: राखणे, सांभाळणे, कोणासाठी जागा धरून ठेवणे. पण 'देझार' म्हणजे वस्तू जिथली तिथे नीट ठेवून देणे, कपडे कपाटात, ताटे मांडणीत. फाइलबाबतीत आपण नेमके तेच करतो, म्हणून 'देझार' रुजला. माझ्या मते कातालान संगणक-परिभाषेतली ही सर्वात नेटकी निवड आहे.

बाकीचे 'सेव्ह' निराळे. पैसे किंवा बॅटरी वाचवणे म्हणजे 'एस्ताल्वियार', बुडत्याला वाचवणे 'साल्वार', गोलरक्षकाने अडवलेला चेंडू 'आतुरादा'. पडदा काळवंडू नये म्हणून येणाऱ्या स्क्रीनसेव्हरलाही 'एस्ताल्वी दे पांताल्या' म्हणतात, तिथे 'देझार'चा संबंध नाही.

आणि 'सेव्ह ॲज'? 'आनोमेना इ देझा', म्हणजे 'नाव दे आणि ठेव'. इंग्रजीतल्या त्या लटकत्या 'ॲज'चे शब्दशः काय करायचे यावर डोके फोडण्याऐवजी प्रत्यक्षात काय घडते ते लिहिले. आपण मराठीत 'या नावाने जतन करा' म्हणतो तेही वाईट नाही, पण कातालानचे अधिक चपळ आहे.

'होम'चे काय करायचे?

आधी एक सावधगिरी. इंग्रजी 'होम'ची चारही रोमन अक्षरे कातालानमध्ये जशीच्या तशी एक शब्द होतात. उच्चार 'ओमे', अर्थ 'पुरुष'. संकेतस्थळाच्या मेनूत एखादे 'होम' भाषांतराविना राहून गेले तर वाचणाऱ्याला तिथे 'पुरुष' अशी पाटी दिसते. कपड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर तर ती खरीच वाटेल.

आता अर्थ. राहते घर 'काझा', कुटुंब आणि ऊब अभिप्रेत असेल तर 'ल्यार'. संकेतस्थळाचे पहिले पान आणि कीबोर्डवरची 'होम' कळ 'इनिसी'. लिनक्समधली वापरकर्त्याची फाइलींची जागा 'कार्पेता पेर्सोनाल' किंवा तशाच रचनेचे काही. फुटबॉलमध्ये घरच्या मैदानावर खेळणे म्हणजे पुन्हा 'काझा'.

'फ्री' म्हणजे मुक्त की मोफत?

मराठीला हा भेद जसा सहज करता येतो तसा कातालानलाही येतो: 'ल्यिउरे' म्हणजे मुक्त, 'ग्रातुईत' म्हणजे मोफत. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे 'प्रोग्रामारी ल्यिउरे'. बोलताना फुकट या अर्थाने 'दे फ्रांक' असाही छान वाक्प्रचार आहे.

पण 'ल्यिउरे' स्वतःही अनेकार्थी आहे. बार्सिलोनात गाडीतळाच्या दाराशी 'ल्यिउरे' लिहिलेले असते ते आत जागा आहे म्हणून, पैसे पडणार नाहीत म्हणून नव्हे. टॅक्सीचेही तसेच. इंग्रजीतून येणाऱ्या 'फ्री पार्किंग'ला 'ल्यिउरे' केले तर लोक निश्चिंतपणे गाडी लावतील आणि बाहेर पडताना भांडतील. डिस्कवरची मोकळी जागा मात्र 'ल्यिउरे'च.

'ऑर्डर' आणि 'कमांड' यांत सगळे गोंधळतात. का?

कारण इथे शब्दांची अदलाबदल झाली आहे. इंग्रजी 'कमांड'ला कातालानमध्ये 'ओर्द्रे' आणि दुकानात दिलेल्या इंग्रजी 'ऑर्डर'ला 'कोमांदा'. दिसायला नेमके उलटे. टर्मिनलमधली कमांड लाइन म्हणजे 'लिनिआ दोर्द्रेस'. तिला 'कोमांदा' लावले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टेबलाशी वही घेऊन उभा राहिलेला वेटर येतो.

शिवाय 'ओर्द्रे'ला दोन लिंगे आहेत. क्रम किंवा शिस्त या अर्थी पुल्लिंगी, आज्ञा या अर्थी स्त्रीलिंगी. स्वरापुढे उपपद आखडते, त्यामुळे 'लोर्द्रे' असे एकच रूप दोन्हींना येते आणि लिंग दिसतच नाही. ते उघड होते पुढच्या विशेषणावर. म्हणून 'नवा क्रम' आणि 'नवी आज्ञा' यांत घोळ झाला तर तो 'ओर्द्रे'त सापडणार नाही, 'नोउ' आणि 'नोवा'त सापडेल.

लिंग बदलले की अर्थ बदलतो, असे आणखी शब्द आहेत का?

आहेत, आणि मराठी माणसाला ते परके वाटू नयेत. आपला 'वेळ' आठवा. 'माझा वेळ गेला' यातला कालावधी पुल्लिंगी, 'जेवणाची वेळ झाली' यातला क्षण स्त्रीलिंगी. कातालानमध्ये 'ला क्लाउ' म्हणजे किल्ली आणि 'एल क्लाउ' म्हणजे खिळा. 'ला ल्युम' म्हणजे प्रकाश, 'एल ल्युम' म्हणजे दिवा.

त्यामुळे इंग्रजी 'लाइट'चे भाषांतर शब्द शोधून संपत नाही, उपपदही ठरवावे लागते. 'टर्न ऑन द लाइट'मध्ये 'एल ल्युम' हवा, 'द लाइट इन धिस रूम इज लव्हली'मध्ये 'ला ल्युम'. वजनाने हलका तो 'ल्येउजेर'. ॲपचा उजळ रंगाचा पर्याय तो 'क्लार'. दुसऱ्या बाजूने इंग्रजी 'नेल'चे दोन तुकडे होतात: लोखंडाचा 'क्लाउ', बोटाचे नख 'उंग्ला'.

इंग्रजीवरून भाषांतर शिकवणारे लिंगाकडे व्याकरणाचा उपचार म्हणून पाहतात. माझ्या मते कातालानमध्ये निम्मी निवड तिथेच होते, आणि मराठी बोलणारा इथे इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा दोन पावले पुढे असतो.

'टाइम'?

कालावधी 'तेम्स', घड्याळातली वेळ 'ओरा', खेप किंवा वेळा 'वेगादा' किंवा 'कोप'. हवामानही 'तेम्स'च. कालपट्टा म्हणजे टाइम झोन 'फुस ओरारी'. यात फारसे अवघड काही नाही. फक्त गुणाकारातल्या 'थ्री टाइम्स फोर'ला 'वेगादा' लावू नका, पाढे म्हणताना 'त्रेस पेर क्वात्रे' म्हणतात.

इंग्रजी 'प्ले' आणि 'रन' यांना ठरावीक प्रतिशब्द आहेत का?

खेळणे 'जुगार', वाद्य वाजवणे 'तोकार', चित्रफीत किंवा गाणे लावणे 'रेप्रोदुइर', नाटक 'ओब्रा दे तेआत्रे'. त्रिकोणाच्या बटणावर 'रेप्रोदुएश'. 'जुगार' देवनागरीत लिहिताना हसू येते खरे, पण आपल्या जुगाराशी त्याचे नाते नाही. त्यांचा शब्द लॅटिनमधून आला, आपला संस्कृत द्यूतातून. गंमत अशी की पैसे लावून खेळण्यालाही ते 'जुगार'च म्हणतात.

'रन'चे: माणूस 'कोर्रेर', प्रोग्राम 'एग्झेकुतार', निवडणुकीला उभे राहणे 'प्रेझेंतार-से', दुकान चालवणे 'पोर्तार'. एकदा संदर्भ कळला की यात चूक होत नाही.

उलटे होते का? इंग्रजीत वेगळे, कातालानमध्ये एकच?

खूपदा, आणि याकडे भाषांतरकाराचे लक्ष कमी जाते. राजकीय पक्ष 'पार्तित' आणि फुटबॉलचा सामनाही 'पार्तित'. एखाद्या बातमीत पक्षनेते सामना पाहायला गेले असतील तर परिच्छेद वाचवायला कसरत करावी लागते. इंग्रजी 'पार्टी'चा दुसरा अर्थ, मेजवानी, तो 'फेस्ता'. आणि इंग्रजी 'मॅच'चे बाकी अर्थ: काडेपेटीतली काडी 'ल्युमी' किंवा 'मिस्तो', शोधाला जुळणारा निकाल 'कोइन्सिदेन्सिआ'.

'बांक' म्हणजे पैसे ठेवायची बँक, बागेतला बाक, आणि माशांचा थवा. नदीचा काठ मात्र 'रिबा'. 'कार्ता' म्हणजे टपालाचे पत्र, पत्त्यांतले पान, हॉटेलातले पदार्थांचे कार्ड. 'ल्येत्रा' म्हणजे अक्षर. 'नोउ' म्हणजे नऊ, नवा आणि अक्रोड. 'सेत' म्हणजे सात आणि तहान. त्यामुळे टेनिसचा सेट, गणितातला संच आणि क्रियापद असलेला 'सेट' यांपैकी काहीही रोमनमध्ये तसेच सोडले की कातालान डोळ्याला ते आधी 'सात' दिसते.

'काप'चा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. डोके, प्रमुख, भूशिर (काप दे क्रेउस हे प्रसिद्ध टोक), 'कडे' हे दिशादर्शक, 'मावतो' हे क्रियापद, आणि 'एकही नाही'. पर्यायांच्या यादीतल्या इंग्रजी 'नन'ला हाच शेवटचा 'काप' वापरतात. त्याला लिंग नाही, त्यामुळे यादी कशाचीही असो, तो चालतो. 'ऑल'ला ही सवलत नाही: फाइली सर्व असतील तर 'तोत्स', पाने सर्व असतील तर 'तोतेस'.

दोन्ही भाषांत संदिग्धता सारखीच असेल तर?

मग तिला हात लावू नका. संगणकाचा माउस आणि उंदीर दोन्ही 'रातोली'. जेवायचे टेबल आणि आकड्यांचे टेबल दोन्ही 'ताउला'. हौशी भाषांतरकार इथे उगाच नवा शब्द घडवायला जातो.

स्वयंपाकाच्या कृती भाषांतरित करताना काय सांभाळावे?

इंग्रजी 'पेपर' सर्वात धोकादायक. काळी मिरी 'पेब्रे', ढोबळी मिरची 'पेब्रोत', तिखट मिरची 'बिचो', लाल पूड 'पेब्रे वेर्मेल्य'. मराठीत मिरी आणि मिरची वेगळ्या असल्याने आपल्याला भेद लगेच कळतो. पण मायोर्कात गेलात तर ढोबळी मिरचीलाही 'पेब्रे' म्हणतात आणि सोब्रासादा या तिथल्या सॉसेजात पडणारी पूड 'पेब्रे बोर्द' असते. वाचक कुठला आहे हे आधी विचारा.

मका 'ब्लात दे मोरो', शब्दशः मूरांचा गहू, वालेन्सियात 'दाक्सा'. जुन्या ब्रिटिश मजकुरातला 'कॉर्न' मात्र मका नसून कोणतेही धान्य असू शकते, तिथे 'ब्लात दे मोरो' लिहिणे म्हणजे अर्थाचा बट्ट्याबोळ. 'नट' खाण्याचा असेल तर 'फ्रुइत सेक', आणि बोल्टवर फिरवायचा असेल तर 'फेमेल्या', म्हणजे मादी. 'स्क्रू' आणि गोगलगाय एकच: 'कार्गोल'.

घर, गाव, रस्ता यांचे शब्द कसे तुटतात?

इथे कातालान फार बारीक पाहते. 'वूड' सामानाचे 'फुस्ता', जाळायचे 'ल्येन्या', झाडांचे 'बोस्क'. आपले लाकूड, सरपण, रान अगदी याच रेषांवर तुटतात, त्यामुळे मराठीतून विचार केला तर चूक होत नाही. 'वॉल' घराची 'पारेत', स्वतंत्र उभी 'मुर', शहराभोवतीची 'मुराल्या'. समाजमाध्यमावरची वॉल 'मुर'. संगणकाची फायरवॉल मात्र भिंतच नाही: 'ताल्याफोक', म्हणजे वणवा पुढे जाऊ नये म्हणून जंगलात मोकळा ठेवलेला पट्टा. दर उन्हाळ्यात वणव्यांना तोंड देणाऱ्या प्रदेशाला हा शब्द आयता सापडला.

'कॉर्नर' आतून पाहिला तर 'राको', खोलीचा. बाहेरून पाहिला तर 'कांतोनादा', रस्त्याचा. आपण दोन्हीला कोपरा म्हणतो, म्हणून इथे मराठी उपयोगाची नाही. आणि बार्सिलोनाच्या एशाम्प्ले भागात तिसराच शब्द लागतो. इल्देफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या आराखड्यात प्रत्येक चौकाचे कोपरे तिरके छाटले आहेत. त्या छाटलेल्या कोपऱ्याला 'शाम्फ्रा' म्हणतात आणि लोक पत्ता सांगतानाही तोच शब्द वापरतात.

'फ्लोअर' पायाखालची 'तेर्रा', मजला म्हणून 'प्लांता' किंवा 'पिस'. 'पिस' म्हणजे राहता फ्लॅटही. आणि मानवी मनोऱ्यातला थरही. युनेस्कोने २०१० साली वारसा म्हणून नोंदवलेल्या या मनोऱ्यांना 'कास्तेल्य' म्हणतात, शब्दशः किल्ला. 'त्रेस दे वुइत' म्हणजे प्रत्येक थरात तिघे आणि थर आठ. इंग्रजी मजकुरात 'ह्यूमन टॉवर' असेल म्हणून सरसकट 'तोर्रे' लिहू नका, कारण 'तोर्रे' म्हणजे प्रत्येक थरात दोघे, आणि एकावर एक एकेकच असेल तर 'पिलार'. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, पण नावे त्यांचीच वापरावी लागतात.

इंग्रजी 'यू'साठी तू, तुम्ही की आपण?

कातालानमध्ये 'तू', 'वोस', 'वोस्ते', आणि अनेकांसाठी 'वोझाल्त्रेस', 'वोस्तेस'. यातला 'वोस' मराठी माणसाने लगेच ओळखावा: समोर एकच व्यक्ती, पण क्रियापद अनेकवचनी, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखे. बोलण्यातून तो मागे पडला आहे, सरकारी पत्रांत आणि संगणकावर टिकून आहे.

सॉफ्टवेअरमध्ये एक सुंदर नियम रूढ आहे. माणूस यंत्राला आज्ञा देतो तेव्हा एकेरी: 'ओब्रे', 'देझा', म्हणजे उघड, ठेव. यंत्र माणसाशी बोलते तेव्हा 'वोस': 'प्रेमेउ', दाबा. म्हणजे इंग्रजी 'ओपन' बटणावर असेल तर एक रूप आणि सूचनेच्या वाक्यात असेल तर दुसरे. मराठी सॉफ्टवेअर दोन्हीकडे 'उघडा' लिहिते आणि हा फरक गमावते. यंत्राला अहो-जाहो करायची काय गरज, हा प्रश्न मराठीकरण करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

बटणावरचा शब्द नाम आहे की क्रियापद, हे कसे कळणार?

बहुतेकदा कळत नाही. इंग्रजी 'एम्प्टी' म्हणजे 'रिकामे कर' की 'रिकामे आहे'? 'ओपन' म्हणजे उघड की उघडे? 'ओपन' स्थिती दाखवत असेल तर 'ओबेर्त' आणि त्याची लिंगवचनाची चार रूपे.

कधी कातालानच फसवते. 'बाशा' म्हणजे 'उतरवून घे', डाउनलोडचे बटण. 'बाशा' म्हणजे 'कमी' हेही, स्त्रीलिंगी. आणि आजारपणाची रजाही. चित्रफितीच्या दर्जाच्या यादीत 'लो'ला बरोबर 'बाशा' लिहिले तरी शेजारी डाउनलोडचे बटण असेल तर वापरणारा चुकून दाबतोच. तिथे डाउनलोडसाठी 'देस्कार्रेगा' घ्या आणि वाद मिटवा.

'लोडिंग…' यासारखे चालू क्रियेचे रूपही जपून घ्यावे. स्पॅनिशच्या वळणाने नुसते धातुसाधित ठेवण्याची सवय असते. कातालान पूर्ण वाक्य मागते: 'सेस्ता कार्रेगांत', म्हणजे 'भरले जात आहे'.

यामागे एक तांत्रिक कारणही आहे. गेटटेक्स्ट ही मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतराची रूढ पद्धत. तिच्या पीओ फाइलींत, म्हणजे भाषांतरासाठीच्या मजकुराच्या याद्यांत, सारखा इंग्रजी मजकूर एकाच नोंदीत जमा होतो. प्रोग्राममध्ये 'ओपन' दहा ठिकाणी असेल तरी भाषांतराला एकच जागा मिळते. मूळ लेखकाने संदर्भाची वेगळी ओळ दिली तरच नोंदी फुटतात. म्हणून नोंद फोडून मागणे हा भाषांतरकाराचा हक्क समजा. इंग्रजीभाषक प्रोग्रामरला अडचण दिसत नाही, तेव्हा त्याला 'नवा, नवी, नवे' असे उदाहरण देऊन विचारा. सहसा पटते.

'लॉग'साठी 'तिओ' चालेल का?

संगणकाची नोंदवही 'रेजिस्त्रे', झाडाचा ओंडका 'त्रोंक'. 'तिओ' हा नाताळचा ओंडका, ज्याला चेहरा आणि लाल टोपी असते, मुले त्याला नाताळ येईपर्यंत खाऊ घालतात आणि मग काठीने झोडपून त्याच्याकडून भेटवस्तू 'हगवून' घेतात. इंग्रजी गोष्टीत शेकोटीत जळणारा 'यूल लॉग' आला तर 'तिओ' लिहिल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे हेच उभे राहील. त्याच आकाराचा केक 'त्रोंक दे नादाल'. निवड गोष्टीतल्या ओंडक्याचे पुढे काय होते त्यावर करा.

'लायब्ररी' आणि 'फाइल'?

ग्रंथालय 'बिब्लिओतेका', प्रोग्रामिंगमधलेही तेच. 'ल्यिब्रेरिआ' म्हणजे पुस्तकांचे दुकान. 'फाइल' म्हणजे 'फिचेर', 'आर्शिउ' जतन-संग्रहासाठी राखून ठेवतात. कानस म्हणजे 'ल्यिमा'.

वालेन्सियासाठी वेगळे भाषांतर करावे लागते का?

बऱ्याच मुक्त प्रकल्पांत वालेन्सियन रूपाची स्वतंत्र आवृत्ती असते. आज्ञार्थात 'ओब्रे'ऐवजी 'ओब्री', आरसा 'मिराल्य'ऐवजी 'एस्पिल्य', बटाटा 'पाताता'ऐवजी 'क्रेईल्या'. अनेकार्थाच्या निवडी मात्र बहुतेक सारख्याच राहतात. त्यामुळे आधी एक आवृत्ती नीट करून मग ती जुळवून घेणे सोयीचे.

नातेवाईक?

इथे मराठी माणसाला उलट धक्का बसतो. इंग्रजी 'कझिन'मध्ये चुलत, मामे, आते, मावस काही कळत नाही, आणि कातालानलाही ते विचारायचे नसते. तिला हवे असते फक्त लिंग: 'कोझी' की 'कोझिना'. कादंबरीत 'माय कझिन' पहिल्या प्रकरणात येतो आणि तो मुलगा की मुलगी हे पाचव्यात कळते. म्हणून भाषांतर सुरू करण्याआधी पुस्तक शेवटपर्यंत वाचा.

लेखकाने मुद्दाम दोन अर्थ ठेवले असतील तर?

शब्द वाचवू नका, विनोद वाचवा. इंग्रजी श्लेष जिथे आहे तिथेच कातालान श्लेष बसेल असे नाही. दोन ओळी पुढे 'नोउ' किंवा 'काप' हाताशी लागला तर तिथे वापरा. शीर्षकात श्लेष असेल आणि काहीच बसत नसेल, तर एक अर्थ सरळ निवडा. अर्धवट श्लेष हा भाषांतराचा सर्वात केविलवाणा प्रकार.

यंत्राकडून भाषांतर करून घेतले तर?

पूर्ण वाक्यांसाठी पहिला खर्डा म्हणून ठीक. आलाकांत विद्यापीठात सुरू झालेले आपेर्तियुम हे नियमांवर चालणारे मुक्त भाषांतरयंत्र आहे, आणि सोफ्तकाताला या स्वयंसेवी संस्थेचे मज्जाजाळावर (न्यूरल नेटवर्कवर) आधारलेले यंत्रही सर्वांना खुले आहे. पण एकट्या शब्दासमोर यंत्र तुमच्याइतकेच आंधळे असते. फरक एवढाच की ते थांबून विचारत नाही. सुट्या बटणांची यादी यंत्राला देऊ नका.

अडल्यावर कुठे पाहायचे?

क्रम असा ठेवा. शब्दाचा कातालान अर्थ आणि लिंग तपासायला इन्स्तितुत देस्तुदिस कातालान्सचा कोश. ही संस्था १९०७ ची, कोशाची दुसरी आवृत्ती २००७ ची, आणि तो जालावर मोफत आहे. परिभाषेसाठी १९८५ साली स्थापन झालेले तेर्मकात हे परिभाषा केंद्र. वापराच्या शंका, म्हणजे दोनपैकी कोणते योग्य, यासाठी कातालोनिया सरकारची ओप्तिमोत सेवा. संगणकासाठी सोफ्तकाताला, जी १९९७ पासून काम करते आहे. तिची शैलीपुस्तिका आणि जुन्या भाषांतरांचा साठा दोन्ही खुले आहेत.

या साठ्यात इंग्रजी शब्द टाकला की वेगवेगळ्या प्रकल्पांनी त्याचे काय केले ते एकाखाली एक दिसते. 'सेट' किंवा 'चेक' टाकून पाहा. निकालांतला पहिला उचलू नका. तुमच्या ओळीसारखी ओळ कुठल्या प्रोग्रामात आहे ते शोधा, आणि तो प्रोग्राम शक्य असेल तर कातालानमध्ये चालवून ते बटण दाबून बघा.